पॅरोलवर सुटलेल्या कैद्याबद्दल नवीन माहिती कळली तर अर्ज कुठे आणि कसा करायचा

गणपती किंवा शिमगा जवळ आला की कोकणातल्या वाड्यांमधून हा प्रश्न हमखास येतो, की अमुक केसमधला माणूस रजेवर घरी आलाय आणि त्यानं अर्जात दिलेलं कारण खोटं होतं असं आता कळतंय, किंवा आल्या आल्या त्यानं साक्षीदाराच्या घरासमोर फेऱ्या मारायला सुरुवात केलीय, तर आता काही करता येतं का? येतं. रजेची ऑर्डर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, ती अटींवर दिलेली असते आणि माहितीच्या आधारावर दिलेली असते, त्यातलं काही खोटं निघालं तर फेरविचार मागता येतो. फक्त तो नीट मागायला लागतो. मी विधी सेवेचं काम करताना बघतो की लोकांचं म्हणणं खरं असतं पण अर्ज असा लिहितात की तो बाजूला पडतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी तो कसा सुटलाय ते काढा. आपल्याकडे सगळ्यालाच पॅरोल म्हणतात पण प्रत्येकाचं दार वेगळं आहे. महाराष्ट्रात फर्लो आणि पॅरोल दोन्ही १९५९ च्या नियमांखाली मिळतात, त्यात वेळोवेळी बदल झालेत. फर्लो म्हणजे ठराविक शिक्षा भोगल्यावर मिळणारी रजा, तिला खास कारण दाखवावं लागत नाही, आणि ती साधारणपणे कारागृह उपमहानिरीक्षक मंजूर करतात. पॅरोलला कारण लागतं, म्हणजे घरातलं गंभीर आजारपण, पुरात नाहीतर वादळात घर पडणं वगैरे, आणि जवळच्या माणसाचा मृत्यू असेल तर जेल अधीक्षक आपल्या पातळीवर तातडीचा पॅरोल देऊ शकतात. मुदतपूर्व सुटका ही तिसरीच गोष्ट, ती राज्य सरकार देतं. आणि जामीन असेल तर ते कोर्टाचं काम. आपल्याकडे रत्नागिरीला, सावंतवाडीला, अलिबागला जेल आहे पण जन्मठेपेचे लोक बरेचदा कळंब्याला नाहीतर येरवड्याला असतात, म्हणून ऑर्डर कोल्हापूर-पुण्याकडच्या अधिकाऱ्याची असू शकते, उगाच कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारू नका. ऑर्डरवर सही कोणाची आणि तारीख काय हे पोलीस ठाण्यात विचारा, कारण रजेवरच्या कैद्याला बहुतेक वेळा तिथे हजेरी लावायची अट असते, त्यामुळे त्यांच्याकडे नोंद असतेच.

आता मुख्य गोष्ट. नवीन माहिती म्हणजे काय?

त्यानं माझ्या भावाला मारलं, तो बाहेर फिरतोय हे आम्हाला बघवत नाही, हे दुःख शंभर टक्के खरं आहे पण ही नवीन माहिती नाही. त्या गुन्ह्याची शिक्षा कोर्टानं दिलीय आणि रजा देणाऱ्याला ते माहीत होतंच. रजा ही माणूस घरापासून तुटू नये, सुधारावा म्हणून दिली जाते, सुप्रीम कोर्टानं २०१७ च्या अस्फाक केसमध्ये हे सांगितलंय आणि मला स्वतःला ते पटतं. पण त्याच कोर्टानं २०२१ मध्ये नारायण साईच्या केसमध्ये हेही सांगितलं की फर्लो हा बिनशर्त हक्क नाही, समाजाच्या हिताला धोका असेल तर नाकारता येतो. म्हणजे तुमच्या अर्जानं एकच प्रश्न उभा करायचा, की ही गोष्ट आधी माहीत असती तर ही रजा अशीच दिली असती का.

उदाहरणं सांगतो. आईच्या आजारपणासाठी पॅरोल घेतला, पण आई वर्षभर मुंबईला मुलीकडे आहे आणि सर्टिफिकेट गावच्या डॉक्टरचं जोडलंय. घर पावसात पडलं म्हणून अर्ज केला, पण सात-बारा आणि घरपट्टी बघितली तर पडलेलं घर चुलत्याचं. जामीनदार म्हणून ज्याचं नाव आहे तो म्हणतो मी सहीच केली नाही. राहायचा पत्ता दिला चिपळूणचा आणि माणूस राहतोय गुहागरला, तक्रारदाराच्या वाडीत. किंवा रजा देण्याआधीच्या पोलीस अहवालाच्या वेळी शेजाऱ्यांचे जबाब घेतले पण ज्या बाईनं कोर्टात साक्ष दिली तिला कोणी विचारलंच नाही. ह्यातली प्रत्येक गोष्ट कागदावर तपासता येते, म्हणून ती चालते. गावात कुजबूज आहे, लोक घाबरलेत, एवढंच लिहिलंत तर अधिकारी काय तपासणार?

आणि एक कळकळीनं सांगतो, बागेच्या हद्दीचा नाहीतर पाणंदीचा जुना भावकीतला वाद असेल तर त्यासाठी हे हत्यार वापरू नका. एखाद्याची आई खरंच शेवटच्या दुखण्यात असते. शिवाय सरकारी माणसाला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे.

पुरावा गोळा करताना स्वतः त्याच्या घरी जाऊन फोटो काढत बसू नका, पाठलाग करू नका, तुमच्यावरच उलटेल. ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा उतारा मिळतो, सात-बारा ऑनलाइन मिळतो, पोलीस पाटलांना भेटून जे त्यांना माहीत आहे ते लेखी द्याल का विचारा. धमकीचा फोन किंवा मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घ्या पण मूळ मेसेज डिलीट करू नका आणि तो फोन फॉरमॅट मारू नका, पुढे कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला मूळ फोन हाताशी असलेला बरा.

अर्ज एका पानाचा पुरे. वर ऑर्डर काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, मग कैद्याचं नाव, जेल, केस नंबर, रजेची तारीख. मग सरळ असं लिहा: 'दिनांक अमुकच्या आदेशानं मंजूर केलेल्या रजेच्या अर्जात घर पडल्याचं कारण दिलेलं आहे. सोबतच्या घरपट्टी उताऱ्यानुसार सदर घर कैद्याच्या नावावर नाही. ही बाब मला अमुक तारखेला समजली. तरी याची पडताळणी करून आदेशाचा फेरविचार व्हावा, आणि तोपर्यंत सदर कैद्यास आमच्या वाडीत येण्यास मनाई करावी.' ते शेवटचं वाक्य फार कामाचं. पूर्ण रजा रद्द करायला अधिकारी कचरतात पण अट कडक करणं त्यांना सोपं जातं, आणि घाबरलेल्या घराला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. मला कधी कळलं ती तारीख विसरू नका, नाहीतर आधी का बोलला नाहीत हा प्रश्न येतोच.

मूळ प्रत ऑर्डर काढणाऱ्याला, बाकी प्रती जेल अधीक्षक, जिल्हा पोलीस अधीक्षक आणि आपल्या पोलीस ठाण्याला. हातानं दिलात तर आवक शिक्का आणि नंबर घ्या, लांब असेल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा, ईमेलही करा कारण रजा संपायच्या आत उत्तर यायला हवं. त्यानंतर कैद्याला त्याची बाजू मांडायला वेळ मिळेल, त्यात चिडण्यासारखं काही नाही, त्याला न ऐकता रजा रद्द केली तर तो आदेश हायकोर्टात टिकायचा नाही.

पण धमकी असेल तर हा क्रम उलटा करा! आधी ११२ ला फोन, मग पोलीस ठाण्यात न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली तक्रार, साक्ष फिरवण्यासाठी धमकी असेल तर २३२ सुद्धा सांगा. साक्षीदारासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे अर्ज जातो, आणि केस संपल्यावरही धोका असेल तर मागता येतं.

अधिकाऱ्यानं काहीच केलं नाही, किंवा रजाच हायकोर्टाच्या आदेशानं मिळालेली असेल, तर हायकोर्ट. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी मुंबई गाठायला लागत नाही, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रायगडवाल्यांना मात्र मुंबईच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपलं कोण ऐकणार असं वाटत असेल तर गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराची बिल्कीस बानो केस आठवा, ती रजा नव्हती, शिक्षामाफी होती, पण १५ ऑगस्ट २०२२ ला सुटलेल्या ११ जणांची सुटका सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२४ ला रद्द केली, आणि त्यात एक मोठा मुद्दा हाच होता की त्यातल्या एका कैद्यानं कोर्टापासून महत्त्वाच्या गोष्टी लपवून आधीचा आदेश मिळवला होता.

तुमचा अर्ज मंजूर होईपर्यंत कधीकधी रजाच संपते आणि माणूस परत जातो. तरी अर्ज मागे घेऊ नका. पुढच्या वेळी तो रजा मागेल तेव्हा अहवाल पुन्हा त्याच पोलीस ठाण्यातून जाणार आहे, म्हणून तुमची प्रत आणि तुमचा चालू मोबाईल नंबर त्या फाईलला लागलाय ना ते एकदा जाऊन बघून या.