एकोणपन्नास रोमनमध्ये कसे लिहायचे?

साताऱ्यात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. चावीची, लंबकाची घड्याळं आता क्वचित येतात. पण आली की त्यांच्या तबकडीवर बहुधा रोमन आकडे असतात, आणि पुसट झालेले आकडे मी अजून हातानं काढून देतो. गेल्या वर्षी नातीचा पाचवीच्या शिष्यवृत्तीचा अभ्यास सुरू झाला. ४९ रोमनमध्ये लिहायचे होते. तिनं आधी आय काढला, त्याच्यापुढं एल काढला आणि म्हणाली, “आजोबा, पन्नासला एक कमी. बरोबर ना?”

उत्तर चुकलं होतं, पण तिचा विचार चांगला होता. असं का चुकतं हे तिला समजावताना जी रीत बसली, तीच इथं लिहितो.

चिन्हं एकूण सात. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. शून्याला चिन्हच नाही. अक्षरं मी इथं नावानं लिहितोय, कारण शिकणाऱ्यानं ती तोंडानं म्हणत म्हणतच वहीत काढावीत. हात आणि कान दोन्ही कामाला लागले की चूक लगेच खटकते.

लहान मुलाला पहिली चार चिन्हं काडीपेटीतल्या काड्यांनी शिकवा, जळलेल्या काड्या घेऊन. एक उभी काडी म्हणजे आय. दोन काड्यांची टोकं खाली जुळवून वरून फाकवली की व्ही. दोन काड्यांची फुली म्हणजे एक्स. त्या फुलीचा खालचा अर्धा भाग हातानं झाका, वर व्ही उरतो. दहाचे अर्धे पाच! हे नातीनं एकदा पाहिलं आणि पाचाचं चिन्ह पुन्हा विचारलं नाही. उभ्या काडीच्या पायाशी उजवीकडं एक आडवी ठेवली की एल. सीसाठी क्रिकेटमधली सेंच्युरी आठवायची. शंभराला रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘केंटुम’ म्हणतात, सेंच्युरी त्याच घरातली. हजाराला ‘मिले’, म्हणून एम. डी मात्र पाठच करावा लागतो.

आता जुळणी. मोठं चिन्ह डावीकडं, लहान उजवीकडं, आणि सगळ्यांची बेरीज. आय, एक्स, सी, एम ही चिन्हं ओळीनं तीनदापर्यंत येतात. व्ही, एल, डी कधीच दोनदा येत नाहीत, कारण दोन पाच झाले की दहाचं चिन्ह तयारच आहे. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आलं, तर ते वजा करायचं. ७ म्हणजे व्ही-आय-आय, ९ म्हणजे आय-एक्स, ११ म्हणजे एक्स-आय.

नऊ आणि अकरामध्ये मी स्वतः चुकलोय. शाळेत असताना वडिलांनी पहिल्यांदा ब्रश हातात दिला आणि मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळावर दोन्हींची अदलाबदल केली. वडिलांनी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं दोन्ही आकडे पुसले आणि बोट तबकडीवर फिरवत म्हणाले, “दहाच्या आधी नऊ, तर फुलीच्या आधी काडी. दहाच्या नंतर अकरा, तर फुलीच्या नंतर काडी.” नातीलाही मी तेच शब्द सांगितले.

आता ४९ कडं येऊ. एकोणपन्नास हा शब्द फोडा: एक, ऊन, पन्नास. ऊन म्हणजे कमी. एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ, सगळे याच घडणीचे. आपली भाषाच पुढच्या दशकात जाऊन एक मागं येते. त्यामुळे मराठी मूल कानानं लिहायला लागलं की एलच्या आधी आय काढणारच. मला याचं जास्त नवल वाटतं की लॅटिन बोलणारेही असंच म्हणायचे. १९ ला त्यांचा शब्द ‘ऊनदेविगिंती’, म्हणजे विसातून एक काढलेले. थेट आपल्या एकोणिसाचा भाऊ. पण लिहिताना रोमन पद्धतीत १९ म्हणजे एक्स-आय-एक्स: आधी दहा, मग नऊ.

म्हणून संख्येचं नाव ऐकून लिहू नका. ती आपल्या अंकांत लिहा, हजार, शतक, दशक, एकक अशी फोडा आणि एकेक स्थान वेगळं रोमन करा. ४९ म्हणजे ४० आणि ९. चाळीस एक्स-एल, नऊ आय-एक्स. शेजारी ठेवले: एक्स-एल-आय-एक्स. ९९ चंही तसंच. नव्वद एक्स-सी, नऊ आय-एक्स, मिळून एक्स-सी-आय-एक्स. सीच्या आधी आय ठेवून काम भागत नाही.

या रीतीत वजाबाकी फक्त सहा ठिकाणी येते: ४, ९, ४०, ९०, ४०० आणि ९००. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. हे सहा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

सालं लिहून सराव छान होतो. १९४७ घ्या. हजार: एम. नऊशे: सी-एम. चाळीस: एक्स-एल. सात: व्ही-आय-आय. सगळं मिळून एम-सी-एम-एक्स-एल-व्ही-आय-आय. महाराष्ट्र राज्य झालं ते १९६० त्याहून सोपं: एम-सी-एम-एल-एक्स. एककाच्या जागी शून्य आहे, तिथं काहीच लिहायचं नाही. हात बसलाय की नाही ते बघायला १८८८ लिहा. एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय. मोजून तेरा चिन्हं आली पाहिजेत. या सात चिन्हांनी नेमानं ३९९९ पर्यंत जाता येतं. पुढं चिन्हावर आडवी रेघ दिली की त्याची किंमत हजारपट होते.

लिहून झालं की उलट वाचून ताळा करा. डावीकडून निघा. उजवीकडचं चिन्ह मोठं असेल तर हातातलं वजा, नाहीतर अधिक.

आता घड्याळाचा एक अपवाद, कारण मुलं भिंतीकडं बोट दाखवून हमखास विचारतात. बहुतेक रोमन तबकड्यांवर ४ हा चार उभ्या काड्यांनी लिहिलेला असतो, आय-व्ही असा नाही. तो छपाईचा दोष नव्हे. रोमन लोक स्वतः दोन्ही प्रकारे लिहायचे. रोमच्या कोलोसियम या प्राचीन अखाड्याच्या कमानींवर दारांचे क्रमांक कोरलेत, त्यात ४४ असे आहेत: एक्स-एल, आणि पुढं चार आय. चाळिसात वजाबाकी आहे, चारात नाही! तबकडीवर मला चार काड्याच आवडतात. पहिल्या चार तासांत फक्त काड्या, पुढच्या चारांत व्ही येतो, शेवटच्या चारांत एक्स. शिवाय समोरच्या आठाच्या भरगच्च आकड्याला तोलून धरणारं काहीतरी चाराच्या जागी हवं असतं. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर मात्र आय-व्ही आहे. परीक्षेत आय-व्हीच लिहायचं.

पुठ्ठ्याची तबकडी करणार असाल तर पेन्सिलीनं बारा भाग पाडा आणि प्रत्येक आकड्याचे पाय मधल्या खिळ्याकडं ठेवा. व्हीची डावी रेघ जाड, उजवी बारीक. एक्सची डावीकडून उजवीकडं उतरणारी रेघ जाड. पुठ्ठा फिरवत फिरवत काढा, म्हणजे प्रत्येक आकडा तुमच्यासमोर सरळ येईल. काढून झाल्यावर पुठ्ठा भिंतीला लावला की खालचा सहा उलटा दिसेल. तो तसाच असतो, पुसू नका.