गॅस ब्रूडर पेटवताना नॉब लगेच सोडू नका
थंडीत कोंबडीच्या पिल्लांसाठी गॅस ब्रूडर (ऊब देणारा गॅसचा हीटर) लावताना नेहमीची तक्रार असते, "पेटतो आणि लगेच विझतो." बहुतेक वेळा ब्रूडर बिघडलेला नसतो, आपणच घाई करतो. ज्योतीत थर्मोकपल नावाची बारीक कांडी असते. ती तापली की त्यातल्या किंचित विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. म्हणून ज्योत लागल्यावरही नॉब २०-३० सेकंद दाबून धरा. ज्योत विझली की कांडी गार होऊन गॅस आपोआप बंद होतो, म्हणून नॉब काडीने अडकवून ठेवण्याचा जुगाड अजिबात करू नका.

पेटला नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली अंथरलेल्या तुसावरच साचतो. वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका.

या हीटरला धुराडं नसतं, जळलेला वायू शेडमध्येच राहतो. त्यामुळे ऊब टिकवायला पडदे गच्च बांधू नका, वरून हातभर फट ठेवा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बहुधा बर्नरमध्ये तुसाची धूळ अडकलेली असते, आणि तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही वाढतो. त्याला वास नसतो.