कोकणातली टीव्हीची भिंत: आधी ओल, मग शोभा

कोकणात टीव्हीची भिंत मागून बिघडते. पुढून लाकडी पट्ट्या, लपवलेले दिवे, शोकेस सगळं झकास दिसत असतं. दुसरा पावसाळा सरल्यावर एखादी फळी उचकटून पाहावी, तर मागे काळी बुरशी, पापुद्रे सुटलेलं प्लाय आणि जमिनीपासून वर चढलेली वाळवीची मातीची रेघ. म्हणून या कामात सजावटीचा नंबर तिसरा लागतो. पहिला ओलीचा, दुसरा भिंतीत घट्ट बसणाऱ्या बोल्टाचा.

कोणती भिंत घ्यायची

मोसमी पाऊस पश्चिम आणि दक्षिणेकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल्याच असतात. पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायची पद्धत पडली ती त्याचमुळे. टीव्ही शक्यतो आतल्या भिंतीवर घ्या, म्हणजे हॉल आणि माजघराच्या मधल्या. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर ती भिंत सोडाच. समोर पश्चिमेची खिडकी असली तर संध्याकाळी तिरीप थेट पडद्यावर येते, तेही आधीच पाहून घ्या.

भिंत कोरडी दिसते यावर विसंबू नका. जाड पारदर्शक प्लास्टिकचे ४५ सेंटिमीटर चौरस दोन तुकडे कापा. एक जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि दुसरा टीव्हीच्या जागी लावून चारही कडा टेपने बंद करा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या अंगाला असतील तर तो हवेतला दमटपणा आहे आणि भिंत तशी बरी आहे. ही परीक्षा श्रावणात घ्यायची. एप्रिलमध्ये कोकणातली कुठलीही भिंत पास होते.

लोणा लागलेला असेल तर

रंगाखाली फुगे, आणि बोटाने चोळली की पिठासारखी निघणारी पांढरी भुकटी, हा लोणा. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, जोत्यात ओलरोधक थर नसेल तर तो जमिनीतलं पाणी वर ओढतो. गिलाव्यात खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ भिंतीत आधीपासूनच असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहून स्फटिक धरतं आणि रंग-पुट्टी आतून ढकलून पाडतं. त्यावर नुसती वॉटरप्रूफ पुट्टी मारली की पाणी तिथून बाहेर पडू शकत नाही, मग ते हात-दोन हात वर चढून तिथला रंग पाडतं.

डागाच्या सर्वांत वरच्या रेषेच्या आणखी ४५ सेंटिमीटर वरपर्यंत गिलावा काढून टाका. सांधे सुमारे २ सेंटिमीटर खोल खरवडा. मीठ कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलं तर ते पुन्हा आत मुरतं. मग भिंत उघडी ठेवून वाळू द्या. ढोबळ हिशेब असा की जाडीच्या दर इंचाला एक महिना. दोन्हीकडून उघडी ९ इंची भिंत चार-साडेचार महिने घेते. दिवाळीनंतर गिलावा काढला तर शिमग्याच्या आसपास नवा करता येतो आणि पावसाच्या आत काम उरकतं. इथे घाई करणारा गवंडी बदला.

नवा गिलावा १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग नदीची किंवा धुतलेली वाळू असा करा. चुन्यामुळे भिंतीला श्वास घेता येतो. पीओपी किंवा जिप्समचा गिलावा ओलीत मऊ पडतो, या भिंतीवर तो नको. जमिनीतून ओल येतच असेल तर जोत्याची दुरुस्ती वेगळी करावी लागेल. गिलावा कितीही चांगला केला तरी तो उपाय नव्हे.

मापं

४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच असतो; ५५ इंची १२२ रुंद आणि ६९ उंच. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर येतात, तिथे पडद्याचा मध्य यावा. म्हणजे ४३ इंचीची खालची कड ३०-३१ इंचांवर, ५५ इंचीची २७-२८ इंचांवर. बहुतेक घरांत टीव्ही याहून फूटभर वर असतो, कारण खाली शोकेस आधी बनते आणि टीव्ही उरलेल्या जागेत बसतो. अंतर ४३ इंचीला साडेपाच ते सात फूट, ५५ इंचीला सात ते नऊ फूट पुरतं. भिंतीवर खडूने चौकट आखा, एक संध्याकाळ समोर बसा, मगच ड्रिल काढा.

जांभ्यात बोल्ट

विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी ब्रॅकेटसोबत जो माल मिळतो तो जांभ्यात चालत नाही. चिरा मऊ आणि आतून पोकळ्यांनी भरलेला. पसरून धरणारा लोखंडी फास्टनर आवळला की चिरा फुटतो किंवा फास्टनर गोल फिरत राहतो. छोटा प्लास्टिक प्लग पहिल्या दिवशी धरतो आणि ओढून पुढे घेता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटला महिन्याभरात सैल होतो, कारण टीव्ही भिंतीपासून जितका पुढे, तितकी वरच्या बोल्टावरची ओढ जास्त. जांभ्याच्या भिंतीला सपाट ब्रॅकेटच घ्या.

तीन रीती चालतात. आतली भिंत असेल तर सर्वांत भक्कम म्हणजे आरपार: १० मिलिमीटरचा आट्यांचा रॉड भिंतीतून घालून पलीकडे १० सेंटिमीटर चौरस पट्टी आणि नट. पलीकडची पट्टी चित्राच्या फ्रेममागे लपते. दुसरी, रसायन भरून बसवलेला बोल्ट. भोकात आधी जाळीची नळी घालायचीच, नाहीतर सगळं रसायन पोकळीत वाहून जातं. भोक पाडल्यावर ब्रश आणि फुंकणी आलटून पालटून दोनदा तरी चालवा. धूळ राहिली तर बोल्ट धुळीला चिकटतो, चिऱ्याला नाही. तिसरी, १९ मिलिमीटर प्लायचा ३ बाय २ फुटांचा पाट लांब नायलॉन प्लग घालून आठ-दहा ठिकाणी भिंतीला कसायचा आणि ब्रॅकेट त्या पाटाला. वजन दहा ठिकाणी वाटलं जातं, आणि ब्रॅकेट इंचभर सरकवायचं झालं तर नवं भोक भिंतीत पडत नाही.

कुठल्याही रीतीत ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा. चिऱ्याच्या कडेपासून ५ सेंटिमीटर आत राहा, सांध्यात भोक नको. गिलाव्याची जाडी बोल्टाच्या पकडीत धरायची नाही: २ सेंटिमीटर गिलावा असेल तर १० सेंटिमीटरच्या प्लगची खरी पकड ८ सेंटिमीटरच. टीव्ही चढवण्याआधी ब्रॅकेटला दोन्ही हातांनी लोंबकळून ओढा. काही हललं तर आताच कळलेलं बरं.

स्क्रू-बोल्ट स्टेनलेसचे घ्या. घराच्या आत ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चालतं. खिडकीतून लाटा दिसत असतील तर ३१६ घ्या, खारं वारं त्याला उशिरा लागतं.

पॅनल, लाकूड, दगड

पॅनल भिंतीला चिकटवू नका. आधी उभ्या पट्ट्या मारून २० ते २५ मिलिमीटर पोकळी ठेवा आणि खाली-वर फट उघडी सोडा, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघते. पट्ट्या आडव्या मारल्या तर हीच हवा अडते, आणि सुतार सवयीने आडव्याच मारतो. पीव्हीसीचं पॅनल स्वतः कुजत नाही, पण मागची ओल कोंडतं. त्यालाही पोकळी हवीच.

प्लाय ७१० नंबरचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कडेने पाणी पितं आणि पावासारखं फुगतं. लॅमिनेट पुढे लावलं तर मागेही साधं लॅमिनेट लावा, एकाच बाजूला असेल तर फळी पन्हाळीसारखी वाकते. कापलेली प्रत्येक कड सील करा, वायरसाठी पाडलेल्या भोकाचीसुद्धा. खालचं युनिट जमिनीपासून ६ ते ८ इंच वर ठेवलं की लादी पुसताना पाणी लागत नाही आणि वाळवी चढू लागली तर दिसते.

जुन्या घराच्या फणसाच्या चौकटी पडून असतील तर टीव्हीखालच्या फळीला त्यांच्यासारखं लाकूड नाही. आंब्याची फळी स्वस्त, पण तिला भुंगा लवकर लागतो. कुठलंही भरीव लाकूड दोन भिंतींत घट्ट बसवू नका, प्रत्येक टोकाला ३ मिलिमीटर सोडा, पावसात ते फुगतं.

चिरा उघडाच ठेवायचा असेल, आणि आमच्या मते कोकणात याहून चांगली सजावट नाही, तर दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि वर सिलेन-सिलोक्झेन जातीचं, चमक न आणणारं जलरोधक मारा. ते पाणी अडवतं पण वाफ जाऊ देतं, शिवाय लाल भुकटी कपड्यांना लागणं कमी होतं. चकचकीत व्हार्निश मारलं तर त्याखाली ओल कोंडून भिंत पांढुरकी पडते.

फायरप्लेसची हौस

दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात खरं, तरी शेकोटी लावून हॉल तापवायचे दिवस तिथेही मोजकेच. हवी असते ती ऊब डोळ्यांना. विजेवरची फायरप्लेस घेतलीत तर ज्वाळा आणि हीटर वेगवेगळे चालू करता येतात ना, एवढं पाहा. नुसत्या ज्वाळा एलईडीच्या, त्यांना वीज नगण्य लागते. २००० वॅटचा हीटर मात्र सुमारे ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर हवी, टीव्हीच्या एक्स्टेंशनवर तो लावायचा नाही.

टीव्ही वर, फायरप्लेस खाली ही जोडी मापात बसवायची तर फायरप्लेस बुटकी आणि लांबट लागते. जमिनीपासून ४ इंच सोडून १८ इंच उंचीची बसवली, वर १० इंच मोकळे ठेवले, तर ५५ इंची टीव्हीचा मध्य ४५-४६ इंचांवर येतो. त्याहून वर नको, मान दुखते. मधे ६ इंच पुढे आलेली फळी घाला, म्हणजे गरम हवा टीव्हीवर जाणार नाही.

दोन प्रकार कोकणात घेऊच नका. एक, पाण्याच्या धुक्यावर ज्वाळा दाखवणारा: दमट खोलीत तो आणखी वाफ सोडतो, आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार पांढरी भुकटी होऊन पडद्यावर बसतात. दुसरा, इथेनॉल जाळणारा: एक लिटर इंधन जळलं की ९०० मिलिलिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन खोलीत येतं, वर प्राणवायूही खर्च होतो.

त्यापेक्षा कोनाडा करा. टीव्हीखाली किंवा बाजूला ३ फूट रुंद, दीड फूट उंच, फूटभर खोल खण. आतून उघडा चिरा, वरच्या कडेला मागे लपवलेली २७०० केल्विनची पिवळसर एलईडी पट्टी, आत दोन समया किंवा तांब्याचा जुना हंडा. खण भिंतीत खोदू नका, ९ इंची भिंत कमकुवत होते. पॅनल तेवढं पुढे घेऊन त्याच्या मागच्या पोकळीतच तो काढा. समई खरीच पेटवणार असाल तर वरच्या फळीपासून ज्योत दोन फूट तरी खाली हवी, म्हणजे या दीड फुटी खणात फक्त विजेचीच.

वीज

एलईडी पट्टी सिलिकॉनने झाकलेली घ्या, उघड्या पट्टीचं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. तिचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी डबी, पॅनलमागे कायमचा गाडू नका, पहिला बिघडतो तोच. त्याला झाकण ठेवा.

कातळावरच्या घराचं अर्थिंग हा जुना रडगाण्याचा विषय. जांभा वीज नीट वाहू देत नाही आणि उन्हाळ्यात खड्डा सुकला की अर्थिंग नावापुरतं उरतं. इलेक्ट्रिशियनकडून मे महिन्यात मोजून घ्या, ५ ओहमच्या आत असावं. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय शोभेचा आहे. गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. झटका केबलमधूनही येतो. दोन्ही हाताला लागतील अशा जागी ठेवा, नाहीतर कुणी काढत नाही.

चित्रं, गणपती आणि बंद घर

सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) किंवा पिंगुळीची चित्रकथी (गोष्ट सांगायची कागदी चित्रं) लावायची तर कागद काचेला टेकू देऊ नका. मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराची बटणं लावा. बाहेरच्या भिंतीवर कागदी चित्र नकोच.

गणपती याच हॉलमध्ये बसत असेल तर खालचं टेबल भिंतीत जखडू नका, आणि टीव्ही दोघांनी उचलून काढता येईल असा खाचेत बसणारा ब्रॅकेट घ्या. माटवीचे (गणपतीवर टांगायच्या फळं-पानांच्या चौकटीचे) हूक छत रंगवण्याआधीच बसवून टाका.

घर महिनोन्महिने बंद राहत असेल तर जाताना युनिटची दारं उघडी ठेवा. टीव्हीवर प्लास्टिक घालू नका, जुनं सुती लुगडं घाला. ओल शोषणारे डबे बंद कपाटात उपयोगी पडतात, उघड्या हॉलमध्ये ते दोन दिवसांत भरतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आल्याआल्या टीव्ही लावायचा नाही: खिडक्या उघडा, पंखा चालवा, अर्धा दिवस जाऊ द्या, पडद्यावरची खारट झिलई कोरड्या मऊ फडक्याने पुसा, मग प्लग घाला.