टेबल सॉ वाकडा कापतोय? आधी खाच आणि पातं मोजा

सागाची पट्टी फाडताना कडेला काळे डाग पडतात, मोटर कण्हते, आणि आपण नवीन पातं आणायला धावतो. मीही एकदा असे पैसे घालवलेत. बहुतेकदा पातं माइटर गेजच्या (लाकूड कोनात धरून पुढे ढकलायचा सरकता आधार) टेबलावरच्या खाचेला समांतर नसतं.

प्लग काढा. पातं पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा. गेजला लाकडी पट्टी क्लॅम्प करून तिच्या टोकात स्क्रू असा बसवा, की पुढे आणलेल्या त्या दाताला तो जेमतेम टेकेल, ‘टिक्’ ऐकू येईल. आता पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेजही सरकवा. दात तोच हवा, नाहीतर पात्याचा बाक मोजाल. फट पडली तर फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचं माप) घालून ती मोजा. ०.१ मिमीपर्यंत चालतं. जास्त असेल तर कॅबिनेट सॉमध्ये (पात्याची यंत्रणा खालच्या पेटीला, म्हणजे कॅबिनेटला बसवलेला सॉ) टेबलाचे बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना हमखास सरकतं.

फेन्सही (फाडताना लाकूड ज्याला टेकवून सरकवतो तो सरळ आधार) खाचेला समांतर हवा. मागचं टोक पात्यापासून केसभर बाहेर चालेल, आत अजिबात नाही; लाकूड अडकून अंगावर उसळतं.

नवीन सॉ घेताना बिडाचं टेबल आणि पात्याची यंत्रणा कॅबिनेटला बसवलेली बघा. दुकानातच फेन्स लॉक करून मागचं टोक बोटाने ढकला. हललं, तर पुढचं मशीन बघा.