बेंचरेस्टसाठी फ्रंट रेस्ट कसा निवडावा: रिमफायर आणि एअर रायफल नेमबाजांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात रायफलीला आधार असतो तो नेमबाजाच्या स्वतःच्या शरीराचा. बेंचरेस्टचे तंत्र याच्या अगदी उलट आहे. येथे रायफल टेबलावर ठेवलेली असते, तिचा पुढचा भाग फ्रंट रेस्टवर आणि मागचा भाग वाळूच्या पिशवीवर, म्हणजे रिअर बॅगवर टेकलेला असतो, आणि नेमबाजाने तिला शक्य तितके कमी हाताळायचे असते. त्यामुळे फ्रंट रेस्टकडून अपेक्षा एकच: प्रत्येक फेरीनंतर, म्हणजे प्रत्येक वेळी गोळी झाडल्यानंतर, रायफल जिथे होती तिथे आणि जशी होती तशी परत आली पाहिजे. किंमत, वजन, चकाकी, परदेशी नाव या सगळ्यांचा विचार त्यानंतर करावा. अशी वस्तू दुकानात जाऊन, हाताळून विकत घेणे सोलापुरात बसून सहसा शक्य होत नाही, म्हणून काय मागवायचे किंवा काय बनवून घ्यायचे हे आधी कागदावर ठरलेले बरे.

मोठ्या काडतुसांच्या बेंचरेस्टमध्ये पाच-दहा गोळ्या एकाच ठिकाणी मारून त्यांचा घोळका मोजण्याची पद्धत आहे. रिमफायर (जिच्या काडतुसाच्या कडेवर पिन आपटून गोळी सुटते ती रायफल) आणि एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र एका कार्डावर २५ वेगवेगळी लक्ष्ये छापलेली असतात, प्रत्येकावर गुणांची एकच फेरी झाडायची असते आणि पूर्ण गुण २५० होतात. एअर रायफलसाठी अंतर २५ मीटर आणि ०.२२ रिमफायरसाठी ५० मीटर. याचा अर्थ असा की सरावाच्या फेऱ्या सोडल्या तरी एका कार्डात किमान २४ वेळा नेम एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो, शिवाय वारा फिरला की मधेच सरावाच्या लक्ष्यावर जाऊन परत यावे लागते. एका जागी घट्ट बसणारा, पण हलवायला अवघड असा रेस्ट घोळका मारणाऱ्याला चालून जाईल, आपल्याला नाही.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगाचे आहे. रिअर बॅग आणि फ्रंट रेस्ट यांच्यातील अंतर साधारण ६० सेंटीमीटर धरले आणि रायफल मागच्या पिशवीभोवती फिरते असे मानले, तर ५० मीटरवर नेम १ मिलिमीटर सरकवण्यासाठी रेस्टचा माथा, म्हणजे रायफल ज्यावर टेकते तो वरचा भाग, केवळ ०.०१२ मिलिमीटर हलावा लागतो. २५ मीटरवर हाच आकडा ०.०२४ होतो. उलट दिशेने पाहिले तर रेस्टमध्ये कुठेही एक दशांश मिलिमीटरचा प्ले, म्हणजे सैलपणा, असेल, तर ५० मीटरवर ८ मिलिमीटरची आणि २५ मीटरवर ४ मिलिमीटरची चूक होऊ शकते, म्हणजे जवळजवळ एका छर्ऱ्याच्या जाडीएवढी. एक दशांश मिलिमीटर हाताला जाणवतही नाही. म्हणून ‘हलवून पाहिला, घट्ट वाटला’ एवढ्यावर रेस्टची पारख करू नये. याच हिशेबातून दुसरी गोष्टही कळते: कार्डावरील दोन टोकांच्या लक्ष्यांत २५ सेंटीमीटर अंतर असेल, तर २५ मीटरवर माथ्याला एकूण ६ मिलिमीटर आणि ५० मीटरवर ३ मिलिमीटर सरकावे लागते. विक्रेत्याला विचारायचे ते हेच, की बूड (रेस्टचा तळ) न हलवता माथा आडवा किती सरकतो आणि उभा किती.

आता रायफलीकडे वळू, कारण रेस्ट तिच्या मापाने घ्यायचा आहे. दस्त्याच्या पुढच्या भागाची रुंदी, त्याचा तळ सपाट आहे की गोल, आणि तो पुढून मागे निमुळता होतो का, ही मापे आधी घ्यावीत. बेंचरेस्टसाठी खास घडवलेल्या दस्त्याचा पुढचा भाग बहुधा ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर रुंद आणि तळाशी सपाट असतो. साध्या स्पोर्टर, म्हणजे शिकारी धाटणीच्या, रायफलीचा त्याहून बराच अरुंद आणि गोलसर असतो. रुंद पिशवीत अरुंद दस्ता ठेवला की तो दोन्ही बाजूंना डोलतो आणि अरुंद पिशवीत रुंद दस्ता कोंबला की अडकतो. गोल तळाच्या दस्त्याला खालून सपाट पट्टी बसवून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फायद्याचा बदल आहे, मात्र ज्या गटात खेळायचे आहे त्याच्या नियमांत तो बसतो का, हे आधी पाहावे.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, एअर रायफलीत नळीखाली हवेची टाकी असते आणि काही रायफलींत पुढे दस्ता जवळजवळ नसतोच. अशा वेळी टाकीच रेस्टवर टेकवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. टाकीतील दाब उतरत जातो तसा तिचा ताण बदलतो, ती ज्या ठिकाणी नळीच्या आधाराला जोडलेली असते तिथे हा बदल पोहोचतो आणि छर्रे हळूहळू जागा सोडू लागतात. दहा मीटरच्या मॅच रायफलींना खाली जी रेल (जोडभाग बसवायची खाच) असते तिच्यावर रुंद पट्टी बसवली की प्रश्न सुटतो. रायफलीचा तोल जिथे साधतो त्याच्या थोडे पुढे ही पट्टी यावी आणि टाकी किंवा मॅगझिन रेस्टच्या कोणत्याही भागाला लागता कामा नये.

स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे. पिस्टन पुढे धावताना रायफल आधी मागे आणि पिस्टन थांबताच पुढे अशी दोन्हीकडे धक्का खाते, आणि छर्रा अजून नळीतच असताना हे सगळे घडते. कडक, घट्ट पकडणाऱ्या रेस्टवर ती दर वेळी वेगळी वागते. तिच्यासाठी तोलाच्या बिंदूखाली एक मऊसर पिशवी ठेवून तिला मोकळेपणाने हलू द्यावे. महागडा रेस्ट तिच्यासाठी घेण्यात अर्थ नाही.

कायद्याचे येथेच सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय बेंचरेस्टच्या हलक्या गटातील १२ फूट-पौंडांची मर्यादा सुमारे १६ ज्यूल होते, म्हणजे ती या सवलतीत बसते. जड गटातील २० फूट-पौंड सुमारे २७ ज्यूल होतात, ते बसत नाहीत. ०.२२ रिमफायरला परवाना हवाच. आणि सराव यांपैकी कशाचाही असो, तो शेताच्या बांधावर न करता रीतसर रेंजवरच करावा.

रेस्टचे प्रकार मोजकेच आहेत. नुसती वाळूची पिशवी, तीन पायांचा आणि मध्ये उंची बदलणारा खांब असलेला साधा रेस्ट, ज्याच्या माथ्यावर उभ्या-आडव्या हालचालीसाठी दोन वेगळे स्क्रू असतात असा रेस्ट, आणि एकाच दांड्याने दोन्ही हालचाली करणारा जॉयस्टिक रेस्ट. बायपॉड, म्हणजे रायफलीलाच जोडलेले दोन पाय, यांत मी धरत नाही, कारण तो कठीण टेबलावर उडी मारतो. पिशवी आणि साधा रेस्ट सुरुवातीला पुरेसा असतो. कॉल्डवेलचा ‘द रॉक’ या वर्गात येतो. दोन स्क्रूंचा रेस्ट अचूक असतो पण संथ, कारण प्रत्येक लक्ष्याला दोनदा हात घालावा लागतो. जॉयस्टिकमध्ये अमेरिकेचा फार्ली आणि इंडोनेशियाचा सेब ही नावे जाणकारांच्या तोंडी असतात. २५ लक्ष्यांच्या कार्डात जॉयस्टिकचा खरा फायदा वेळेचा आहे: वारा हवा तसा असतो ते काही क्षण वाया जात नाहीत आणि स्कोपवरून डोळा काढावा लागत नाही. मात्र जॉयस्टिकचा दांडा सोडल्यावर माथा आपोआप खाली बसत असेल, तर असा रेस्ट चांगल्या स्क्रूच्या रेस्टपेक्षा वाईट. रायफलीचे पूर्ण वजन, स्कोपसकट, त्यावर ठेवूनच हे तपासावे. नुसत्या रिकाम्या माथ्यावर सगळेच जॉयस्टिक छान वागतात.

बूड जड असावे आणि पाय तीनच असावेत. चार पायांचा स्टँड खाली शंभर नंबरी सपाटी असेल तरच स्थिर बसतो, तीन पायांचा कुठेही बसतो. आपल्याकडे रेंजवरचे टेबल बरेचदा शहाबादी फरशीचे असते आणि ती फरशी जड व थंड असल्याने उत्तम, पण घासून गुळगुळीत केलेल्या फरशीवर रेस्टचे टोकदार पाय सरकतात. त्यासाठी प्रत्येक पायाखाली मध्ये खळगी असलेली पोलादी किंवा पितळी चकती ठेवावी. जाड रबर ठेवू नये, ते दाबले जाते आणि उसळते. टेबल उघड्या जमिनीवर असेल तर आपल्या काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्यावा: पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्यावर उभे केलेले टेबल महिन्या-दोन महिन्यांत कलते. टेबलाचा आणि रेस्टच्या माथ्याचा समतलपणा पाणसळ लावून दर वेळी पाहावा. माथा कललेला असेल तर आडव्या हालचालीबरोबर नेम वरखालीही होतो आणि नेमबाज दोष वाऱ्याला देत बसतो.

उंचीचे माप घेताना रायफल टेबलावर ठेवून पाहू नये. खुर्चीवर रोजच्यासारखे बसावे, दस्ता रिअर बॅगवर टेकवावा, डोळा स्कोपला सहज लागतो आहे याची खात्री करावी आणि मग दुसऱ्याकडून टेबलापासून दस्त्याच्या पुढच्या तळापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. रेस्टची उंची या आकड्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे जाणारी हवी.

माथ्यावरच्या पिशवीला लोक दुय्यम समजतात; माझ्या मते पैसे कमी असतील तर बुडावर काटकसर करावी, पिशवीवर नाही. पिशवी चामड्याची किंवा बॅगांसाठी वापरतात त्या जाड नायलॉन कापडाची असावी. आपल्या गावचे टेरी टॉवेल आणि चादरी कितीही नामांकित असल्या तरी त्यांचे कापड येथे वापरू नये: टॉवेलवरचे धाग्यांचे फास दस्त्याला धरून ठेवतात आणि चादरीची उठावदार वीण त्याला एकसारखे सरकू देत नाही. रेक्झिन उन्हात चिकट होते. पिशवी स्थानिक चर्मकाराकडून शिवून घेता येते. शिवण आत यावी आणि दस्ता जिथे टेकतो तिथे जोड नसावा, एवढे त्याला समजावून सांगावे. भरण्यासाठी बांधकामाची वाळू बारीक चाळणीने चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवावी. सोलापूरच्या एप्रिलमध्ये या कामाला वेगळी भट्टी लागत नाही. चाळताना नाकाला फडके बांधावे. ओतकामाच्या कारखान्यांत वापरली जाणारी झिर्कॉन वाळू मिळाली तर ती अधिक चांगली, कारण तेवढ्याच जागेत ती साध्या वाळूच्या जवळपास पावणेदोन पट वजनाची भरते. वाळू थोडीथोडी घालत, पिशवी टेबलावर आपटत, अंगठ्याने दाबली तरी खड्डा राहणार नाही इतकी भरावी. अर्धवट भरलेल्या पिशवीत दस्ता दर फेरीला थोडा खोल जातो.

रेस्ट हाती आला की गोळी न झाडता दोन चाचण्या कराव्यात. रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती रेस्टवर ठेवावी, स्कोपची फुली लक्ष्यावर आणावी, दस्त्याला बोटाने बाजूने हलकेच ढकलून सोडावे आणि फुली मूळ जागी येते का पाहावे. नंतर वरून, नंतर दुसऱ्या बाजूने. परत न येणारी फुली म्हणजे प्ले, आणि तो बहुधा खांबाच्या पकडीत किंवा माथ्याच्या सरकत्या पट्टीत सापडतो. दुसरी चाचणी अधिक महत्त्वाची: रायफल दोन-तीन सेंटीमीटर मागे ओढावी आणि पुढे आणून थांब्याला, म्हणजे दस्ता पुढे किती जाईल हे ठरवणाऱ्या आडव्या पट्टीला, टेकवावी. या वेळी फुली सरळ उभ्या रेषेत हलली आणि अखेर त्याच बिंदूवर आली तर ठीक; ती तिरकी गेली तर पुढची पिशवी, मागची पिशवी आणि रायफल एका रेषेत नाहीत, किंवा दस्ताच वाकडा घडलेला आहे. दस्त्याला टाल्कम पावडर लावून पुन्हा करून पाहावे, कारण कधीकधी दोष केवळ घर्षणाचा असतो. या चाचण्यांत रिकामा चाप ओढू नये: रिमफायरची पिन नळीच्या कडेवर आपटते आणि स्प्रिंगच्या एअर रायफलीचा पिस्टन हवेच्या गादीविना जाऊन आदळतो.

वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून परदेशी रेस्ट महाग पडतो, आणि त्यातला मोठा भाग लोखंडाच्या वजनाचा असतो. त्यामुळे माथा बाहेरून मागवून बूड आणि खांब अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतील लेथवाल्याकडून करून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. कारागिराला चित्र द्यावे, तोंडी सांगू नये. माथाही बनवून घ्यायचा असेल तर स्क्रूच्या आट्यांबाबत आग्रही राहावे: नेहमीच्या १० मिलिमीटर बोल्टचे आटे दीड मिलिमीटरचे असतात, म्हणजे एका फेऱ्यात ५० मीटरवर नेम साडेबारा सेंटीमीटर सरकतो, तर १ मिलिमीटरच्या बारीक आट्यांवर तो सव्वाआठ सेंटीमीटर सरकतो. नटात प्ले राहू नये म्हणून स्प्रिंग घालून तो एका बाजूला दाबून ठेवायला सांगावे. खांबाची पकड फटीच्या कॉलरची असावी. नुसता स्क्रू खांबावर रुतवला तर तिथे खळगा पडतो आणि पुढच्या वेळी खांब त्याच खळग्यात जाऊन बसतो.

थांबा हा भाग अनेक स्वस्त रेस्टमध्ये नसतो आणि तो बसवून घ्यावाच. स्पर्धेला जाण्याआधी त्या गटाच्या नियमात थांबा, दस्त्याखालच्या पट्टीची रुंदी आणि पुढचा-मागचा आधार एकत्र जोडलेला रेस्ट यांबद्दल काय म्हटले आहे ते वाचून घ्यावे. मे महिन्यात रेस्ट आणि पीसीपीची टाकी उन्हात सोडू नयेत. दोन कार्डांच्या मधे रेस्टवर ओला नव्हे, तर कोरडा टॉवेल टाकावा, आणि सरकत्या पट्टीवर ग्रीसऐवजी तेलाचा एखादाच थेंब वापरावा, कारण आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची कानसच होते.