हवेवर चालणाऱ्या हाती ड्रिलला आधार आणि टेका कसा द्यावा

खडकात भोके पाडणाऱ्या जॅकहॅमरला आपण ‘हाती’ मशीन म्हणतो खरे, पण ते हाताने तोलून धरायचे यंत्र आहे असा अर्थ घेतला की चुकांना तिथूनच सुरुवात होते. या मशीनचे वजन साधारण १५ ते २५ किलो असते आणि आतला पिस्टन मिनिटाला सुमारे २,००० ठोके रॉडच्या बुडावर, म्हणजे शँकवर, मारत असतो. पिस्टन पुढे फेकला जाताना मशीनचा सांगाडा तेवढ्याच जोराने मागे रेटला जातो. हा मागचा रेटा कोणीतरी पेलावा लागतो आणि तो जमिनीने, टेक्याने किंवा मशीनच्या स्वतःच्या वजनाने पेलावा, माणसाच्या पोटाने, मांडीने किंवा मनगटाने पेलू नये, एवढ्या एका गोष्टीभोवती पुढची सगळी पद्धत उभी आहे. हाताचे काम मशीनला दिशा देण्याचे आणि थ्रॉटल, म्हणजे मशीनची हवा कमी-जास्त करणारी कळ, सांभाळण्याचे आहे.

आधाराचा विचार करताना दोन ओझी वेगळी ओळखावी लागतात. पहिले मशीनचे वजन, जे नेहमी खालीच ओढते. दुसरा रेटा, जो रॉडच्या रेषेत मागे येतो. सरळ खाली भोक पाडताना ही दोन्ही एकाच रेषेत येतात, त्यामुळे वजनच रेटा पेलते आणि वेगळा टेका लागत नाही. आडव्या भोकात ती एकमेकांशी काटकोनात असतात आणि वर छताकडे पाडायच्या भोकात वजन आणि रेटा दोन्ही खालीच येतात. म्हणूनच आडव्या कामासाठी मशीनला हवेचा पाय म्हणजे एअर-लेग जोडलेला असतो आणि छताच्या कामासाठी ज्याचा पाय मशीनच्याच रेषेत असतो असा स्टोपर वापरतात. खाली पाडायचे जॅकहॅमर खांद्याच्या उंचीवर आडवे धरून किंवा डोक्यावर उचलून चालवणे ही पद्धत नव्हे, साधन नसल्याची ती सारवासारव आहे.

मशीन उभे करण्याआधी जागा तयार करावी लागते. समोरचा खडक आणि वरचे छत पहारेने ठोकून पाहावे. घट्ट खडक खणखणीत वाजतो, सैल सुटलेला खडक बद्द वाजतो. बद्द वाजणारी ढलपी आधी पाडून घ्यावी, कारण मशीन सुरू झाल्यावर तिच्या कंपनाने ती आपोआप सुटते आणि त्या वेळी आपण नेमके तिच्याखाली उभे असतो. सुरुंगाचे काम झालेल्या तोंडावर जुन्या भोकांची बुडे शिल्लक असतील, तर नवे भोक त्यांत किंवा त्यांच्या अगदी शेजारी कधीही सुरू करू नये. तयार खड्डा मिळाल्यामुळे बिट, म्हणजे रॉडचे खडक फोडणारे टोक, तिथे छान बसते हे खरे, परंतु त्या बुडात न उडालेली दारू राहिलेली असू शकते. पायाखालचा राडारोडा उपसून टणक जमीन उघडी करावी आणि पाण्याला वाट काढून द्यावी.

होजकडेही, म्हणजे हवेच्या नळीकडेही, याच वेळी लक्ष द्यावे. जोडण्याआधी होजचे तोंड सुरक्षित बाजूला धरून त्यातून थोडी हवा सोडावी, म्हणजे आतली खडी-माती निघून जाते. प्रत्येक जोडावर सुरक्षा-साखळी किंवा तारेचा फास लावावा, कारण ६ बार दाबाखाली सुटलेला होज चाबकासारखा फिरतो. होजचा आधाराशी थेट संबंध आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हवेने भरलेला होज जड आणि ताठ होतो, आणि तो एका बाजूने लोंबत असेल तर मशीनला सतत त्याच बाजूला ओढत राहतो. चालवणारा नकळत उलट बाजूने जोर लावत बसतो, रॉड भोकात तिरका घासू लागतो आणि दोष मात्र बिटला दिला जातो. होजचा सैल वळसा जमिनीवर मागे पडलेला असावा.

भोकाची सुरुवात हा सगळ्यात नाजूक टप्पा आहे. बिट अजून खडकात शिरलेले नसते, त्यामुळे रॉडच्या पुढच्या टोकाला कसलाच आधार नसतो आणि ते गुळगुळीत दगडावरून घसरते. म्हणून आधी छिन्नीने किंवा टोकदार पहारेने जागा थोडी टोचून बिटपुरता सपाट खळगा करावा, रॉडच्या संचातला सर्वात आखूड रॉड लावावा आणि थ्रॉटल अर्धवट उघडून मशीन हळू चालवावे. बोट-दीड बोट भोक झाल्यावर बिट स्वतःचा आधार स्वतःच धरते. तोपर्यंत रॉड जागेवर ठेवायचा असेल तर लांब दांड्याच्या बेचक्याने किंवा खाच पाडलेल्या फळीने ठेवावा. मदतनिसाने तो हाताने धरू नये, आणि हातमोजा घालून तर मुळीच नाही, कारण फिरत्या रॉडवर मोज्याचे कापड गुंडाळले जाते आणि त्याच्यामागून बोटे जातात. बुटाने रॉड दाबून धरण्याची सवयही अनेकांना असते. बिट घसरते तेव्हा ते नेमके त्या बुटावर येते.

थरथरते पोलाद हाती धरण्याचे आणखी एक दुखणे फार आधी नोंदले गेले आहे. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात चुनखडी घडवणाऱ्या कामगारांची पाहणी केली, तेव्हा हवेच्या हत्याराने काम करणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होत असल्याचे दिसले आणि ज्या डाव्या हाताने ते छिन्नी धरत त्याची अवस्था जास्त वाईट होती. थंडी आणि घट्ट पकड या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा त्रास बळावतो.

खाली पाडायच्या भोकात पाय खांद्याइतके फाकवून आणि रॉडपासून मागे ठेवून उभे राहावे, गुडघे किंचित सैल असावेत आणि दोन्ही मुठी फक्त वेढलेल्या असाव्यात, आवळलेल्या नसाव्यात. हँडलवर मांडी टाकून किंवा पोट टेकवून वजन वाढवणे जितके सर्रास दिसते तितकेच ते घातक आहे. रॉड अचानक मोडला किंवा बिट खडकातल्या पोकळीत उतरले तर मशीन झटक्याने खाली जाते आणि त्याच्यावर रेललेला माणूसही तोंडघशी जातो. शिवाय जादा वजनाने काम वेगाने होते हा समजच चुकीचा आहे. मशीनवरचा दाब कमी असेल तर रॉड चकमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या खोबणीत, नाचतो, खडखडाट वाढतो, शँक तापते. दाब जास्त झाला तर रॉडचे फिरणे मंदावते, आवाज दबतो आणि बिट एकाच जागी ठोकत राहते. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, जिथे रॉड मोकळा फिरतो, ठोक्यांचा आवाज एकसारखा येतो आणि भोकातून बाहेर येणारा चुरा बारीक पिठासारखा नसून थोडा कणीदार असतो. ती जागा कानाने सापडते, ताकदीने नाही.

रॉड फिरतो त्याच्या उलट दिशेने मशीन फिरू पाहते, हे काम सुरू करण्याआधीच मनात पक्के असावे. चालू करताना क्षणभर थ्रॉटल उघडून रॉड कोणत्या बाजूला फिरतो ते पाहावे आणि बिट अडकल्यास हँडलचा हिसका कोणत्या बाजूला येईल ते ठरवावे. हिसका आला की हँडलशी झुंजू नये, थ्रॉटल बंद करावा. त्यासाठी थ्रॉटलवरचा हात कधीही दुसऱ्या कामात गुंतलेला नसावा.

आता एअर-लेगकडे येऊ, कारण आधाराचे खरे शास्त्र तिथेच आहे. मशीन आणि पाय मिळून ४५ ते ५० किलोच्या आसपास भरतात, त्यामुळे ते दोघांनी उचलून जागेवर न्यावे. समजा पायाच्या सिलिंडरचा आतला व्यास ६५ मिलिमीटर आहे आणि हवेचा दाब ६ बार आहे, तर तो पाय सुमारे २०० किलो वजनाएवढा जोर लावतो. हा जोर पायाच्या रेषेत असतो, भोकाच्या रेषेत नसतो. पाय जमिनीशी ३० अंशांत असेल तर त्यातले सुमारे १७० किलो पुढे रेटतात आणि १०० किलो मशीनला वर उचलतात. ४५ अंशांत दोन्हीकडे सारखेच, साधारण १४० किलो. ६० अंशांत हिशेब उलटतो आणि मशीन पुढे जाण्यापेक्षा वरच जास्त उचलले जाते. म्हणून पाय फार उभा लावला की रॉड कमानीसारखा वाकतो, भोकाच्या वरच्या कडेला घासतो आणि अडकतो. फार आडवा लावला की मशीनचे नाक वर आणि बूड खाली होते. ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान काम करावे आणि पायाची हवा पूर्ण न उघडता फीडच्या, म्हणजे पायाचा जोर ठरवणाऱ्या, व्हॉल्व्हने थोडी थोडी वाढवावी.

यातही एक गंमत आहे. मशीन जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर आहे आणि पायाची लांबी १.७ मीटर आहे असे धरले, तर पाय ४५ अंशांत असतो. मशीन पुढे सरकते तसा पाय लांबतो, आणि तो २.४ मीटरचा होईपर्यंत कोन ३० अंशांवर येतो. तेवढ्यात भोक ९० सेंटिमीटरच्या जवळपास पुढे गेलेले असते. म्हणजे चालवणाऱ्याने काहीच केले नाही तरी दर बोटागणिक मशीनला उचलणारा जोर कमी होत जातो. अनुभवी ड्रिलर हा बदल हँडलमध्ये जाणवताच फीड किंचित वाढवतो आणि पाय पुरता लांबण्याआधीच तो आत घेऊन पुढे रोवतो. नवशिका मात्र मशीन खाली बसू लागले की ते हाताने उचलून धरतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो.

पायाच्या टोकाला असलेले नखे किंवा अणकुचीदार टोक टणक जमिनीत रुतलेच पाहिजे. जमीन गुळगुळीत असेल तर छिन्नीने खाच पाडावी किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेली जाड फळी टाकून तिचे मागचे टोक अडवावे. ‘फळी टाकली म्हणजे झाले’ असे समजून मी एकदा ओल्या फळीवर पाय रोवला होता. ती मागून अडवलेली नव्हती. फीड उघडताच फळीच मागे सरकली, मशीन आपटले आणि रॉड भोकात वाकून बसला. माझे पाऊल तेव्हा बाजूला होते हा निव्वळ योगायोग होता, आणि तेव्हापासून मी फळीच्या मागची खुंटी स्वतःच्या हाताने हलवून पाहतो. उभे राहताना एअर-लेगच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यासारखे बसू नये आणि मशीनच्या अगदी सरळ मागेही थांबू नये. एका बाजूला, एक पाऊल पुढे आणि एक मागे ठेवून, मशीनवर न रेलता उभे राहावे.

भोक खोल होत जाताना रॉड बदलावे लागतात. संचातल्या प्रत्येक लांब रॉडचे बिट आधीच्या रॉडपेक्षा किंचित बारीक असते, ते उगाच नाही. वापराने बिट झिजते आणि भोक आत निमुळते होते, त्यामुळे पुढचा रॉड सैलसर उतरावा लागतो. क्रम चुकवून जाड बिट आत घातले तर ते आवळून बसते, आणि मग ते सोडवण्यासाठी मशीनला दिलेले हिसके सगळ्या आधाराची वाट लावतात.

छताकडे स्टोपर लावताना पायाचे टोक, मशीन आणि भोक एका सरळ रेषेत असावेत. जागा निवडल्यावर खडूने छतावर खूण करून ओळंबा सोडला की टोक कुठे रोवायचे ते नेमके कळते, तिरक्या भोकासाठी तेवढे अंतर मोजून घ्यावे. उभ्या कड्यावर, दोरावर लटकून काम करायचे असेल तर मशीनचा दोर वेगळ्या खिळ्याला आणि माणसाचा दोर वेगळ्या खिळ्याला बांधावा. मशीन स्वतःच्या कमरपट्ट्याला कधीही बांधू नये. अशा ठिकाणी रुळावर सरकणारी चौकट कड्याला पक्की करून तिच्यात मशीन बसवणे हाच योग्य मार्ग आहे.

आधार उत्तम असला तरी कंपन शून्य होत नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला पोहोचणाऱ्या कंपनाची आठ तासांची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवली आहे. मशीनच्या हँडलवर २० एवढे कंपन असेल, तर ही मर्यादा फक्त ३० मिनिटांत संपते, कारण कंपन चौपट झाले की वेळ सोळापट घटतो. त्यामुळे दोघांनी आळीपाळीने मशीन धरावे, हात कोरडे आणि उबदार ठेवावेत. धुळीसाठी पाण्याचा वापर हवाच, पण पाण्याचा दाब हवेपेक्षा थोडा कमी असावा, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरून तेल धुऊन टाकते.

काम थांबवताना रॉड फिरत असतानाच मागे ओढून बाहेर घ्यावा, मग थ्रॉटल बंद करावा. मदतनिसाने मशीन खालून धरल्यावरच एअर-लेगची हवा सोडावी, कारण हवा सुटताच सगळे वजन एकदम हातावर येते. मशीन आडवे ठेवून कॉम्प्रेसरकडचा व्हॉल्व्ह बंद करावा, होजमध्ये उरलेली हवा थ्रॉटल उघडून जाऊ द्यावी आणि त्यानंतरच जोड सोडवावा.