पुण्याची सिस्टर जर्मनीत नर्स कशी होते

कोथरूडला माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, व्हिसा किती दिवसांत होतो?" मी त्यांना उलट विचारते, तुमच्या ट्रेनिंगचे तास विषयवार लिहिलेला कागद तुमच्याकडे आहे का? बहुतेकांकडे नसतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे. मी स्वतः पुण्यात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात वॉर्डात काम केलं आहे. त्यामुळे या रस्त्यावर पाय कुठे अडकतो ते मला माहीत आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. व्हिसा तुम्हाला जर्मनीत उतरवतो, नर्स बनवत नाही. तिथे २०२० पासून लागू झालेल्या नर्सिंगच्या कायद्यानुसार 'प्फ्लेगेफाखफ्राऊ' (पूर्ण प्रशिक्षित नर्स) हे पद राखीव आहे, आणि ते लावायचं तर तिथल्या राज्य सरकारचं प्रमाणपत्र लागतं. त्याला उर्कुंडे म्हणतात. ती हातात येईपर्यंत तुम्ही सहायक असता आणि पगारही सहायकाचाच मिळतो. इथे आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळले असले तरी यात फरक पडत नाही. तेव्हा सगळी तयारी उर्कुंडेच्या हिशोबाने करा, आणि ती पुण्यात असतानाच सुरू करा.

आता तासांचा कागद. जर्मनीतलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं असतं. त्यात २१०० तास वर्गातलं शिक्षण आणि २५०० तास प्रत्यक्ष काम. तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी तुमची पदवी किती मोठी आहे हे पाहत नाही. तो तुमचे तास त्यांच्या तासांशेजारी ठेवून पाहतो. मेडिसिन किती, सर्जरी किती, लहान मुलांचा वॉर्ड किती, मानसोपचार किती, वृद्धांची शुश्रूषा किती. आपल्याकडे प्रसूती आणि कम्युनिटीचे तास भरपूर असतात, वृद्धांच्या शुश्रूषेचे मात्र फार थोडे, आणि जर्मनीला नेमके तेच हवे असतात.

हा कागद मिळवायचा कुठून? बीएससी झालेल्यांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांचा अधिकृत उतारा, घ्यायचं. जीएनएमवाल्यांची परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची, म्हणजे गुणपत्रकांसाठी मुंबई. पण विषयवार आणि वॉर्डवार तासांचा तपशील बहुतेक वेळा तुमच्या नर्सिंग कॉलेजलाच लिहून द्यावा लागतो, लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह. कॉलेजात जाताना तक्ता स्वतः तयार करून न्या: पहिल्या रकान्यात विषय, मग थिअरीचे तास, मग प्रॅक्टिकलचे, मग कोणत्या वॉर्डात. ऑफिसातल्या माणसाला कोरा अर्ज दिलात तर तो महिनाभर टेबलावर पडून राहील. तयार तक्ता दिलात तर त्याला फक्त रजिस्टरशी ताडून पाहायचं उरतं. इंटर्नशिपचे तासही त्यात घालायला सांगा, ते कॉलेजवाले हमखास वगळतात. अनुभवाचे दाखलेही असेच घ्या. 'स्टाफ नर्स म्हणून काम केले' एवढ्याने भागत नाही. कोणता विभाग, आठवड्याला किती तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय काय काम केलं, हे सगळं हवं. तासांत राहिलेली कमतरता कामाच्या अनुभवातून भरून निघू शकते, त्यामुळे या एका कागदावर पुढचे कित्येक महिने वाचू शकतात. नोकरी सोडताना भांडून सोडू नका. मेट्रनची सही नंतर लागते.

एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा छोटा कोर्स, झालेल्यांना एक स्पष्ट सांगते: त्या कोर्सच्या जोरावर पूर्ण नर्सची मान्यता मिळेल अशी आशा कुणी दाखवली तर पैसे देऊ नका.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला जास्त येते. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर तेच माहेरचं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कधी कधी पहिलं नावसुद्धा बदललेलं. जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. यावर उपाय आहे, फक्त वेळ लागतो. महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत घ्या. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या. मधलं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तरी ते आत्ताच जुळवा. ज्या मुलींचं लग्न अजून व्हायचंय त्यांना मी मोकळेपणाने सांगते, सगळी कागदपत्रं माहेरच्या नावावरच राहू द्या. नाव न बदलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि या कामात तर ते फार सोयीचं पडतं. घरच्यांना पटत नसेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. त्याबद्दल पुण्यात खूप गैरसमज आहे. पाटी लावलेला प्रत्येक एजंट 'जर्मनीसाठी अपोस्टिल कंपल्सरी' असं सांगून प्रत्येक कागदामागे पैसे घेतो. वस्तुस्थिती अशी की भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात सामील झाला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली, त्यामुळे भारतीय अपोस्टिल तिथे आपोआप चालतं असं नाही. तरीही काही खाती आणि मालक ते मागतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी राज्य ठरवा, मग त्या राज्याच्या खात्याची यादी वाचा, मग खर्च करा. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि नर्सिंगची मान्यता प्रत्येक राज्य स्वतः देतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हे काम श्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेझीडियुम बघतं, बायर्नमध्ये (बव्हेरियात) लांडेसआम्ट फ्युअर प्फ्लेगे. याद्या वेगळ्या, फी वेगळी, लागणारा वेळही वेगळा. भाषांतरही त्या यादीत लिहिलंय तसंच करून घ्या. काही ठिकाणी जर्मन न्यायालयाने नेमलेल्या भाषांतरकाराचंच चालतं. पुण्यात चांगलं जर्मन येणारी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांचा शिक्का तिथे चालेल का, हे आधी विचारा.

भाषेचं मी शिक्षिका आहे म्हणून जास्त सांगते असं वाटेल, पण बहुतेक जण मागे पडतात ते इथेच. व्हिसा बी१ वर, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीवर, कधी त्याहून कमी पातळीवरही मिळू शकतो. उर्कुंडेसाठी मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्या वरची पातळी, बी२ लागतं. बी१ घेऊन गेलेल्या मुली तिथे शिफ्ट करून थकून येतात आणि मग वर्षभर बी२ साठी झगडतात, तेही सहायकाच्या पगारावर. इथेच बी२ करून जा. तीन शिफ्टमध्ये नोकरी करत शून्यापासून शिकणारीला मी दीड वर्ष धरायला सांगते. सहा महिन्यांत बी२ चं आश्वासन देणाऱ्या क्लासपासून लांब राहा. बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, खासगी वर्ग तर गल्लोगल्ली. वर्ग निवडताना फी नंतर बघा, आधी विचारा की नाइट ड्यूटीच्या आठवड्यात बुडालेला तास भरून देता का.

गोएथे इन्स्टिट्यूटची (मॅक्सम्युलर भवन तिचंच) बी१ आणि बी२ परीक्षा चार भागांत असते: वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात, आणि एक भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्या मुलींचं ऐकणं कच्चं राहतं, कारण वर्गात शिक्षिका सावकाश बोलते. रोज रेडिओच्या बातम्या लावा, भाजी चिरताना लावा. आणि हॉस्पिटलमधलं जर्मन वेगळं शिका. ड्यूटी बदलताना ओव्हर देतो, त्याला तिथे युबरगाबे म्हणतात. आज घरी जाऊन तुमच्या वॉर्डातल्या एका पेशंटची ओव्हर जर्मनमध्ये म्हणून पाहा: वय, आजार, रात्र कशी गेली, लघवी किती झाली, ड्रेसिंग कसं आहे, काय बाकी आहे. हे अडखळल्याशिवाय जमायला लागलं की तिथल्या मान्यतेच्या परीक्षेची निम्मी तयारी झाली म्हणून समजा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. चांगली गोष्ट आहे. पण सरकारी वाटेने गेलात किंवा एजन्सीच्या, मान्यतेचे टप्पे कुणाला चुकत नाहीत.

एजन्सीबद्दल. नर्सकडून पैसे घेणाऱ्या एजन्सीशी व्यवहार करू नका. नर्स जर्मनीला हव्या आहेत, आणि खर्च मालकाने करायचा हे तिथेही मान्य झालेलं तत्त्व आहे. परदेशी नर्सच्या न्याय्य भरतीसाठी जर्मन सरकारचं गुणवत्ता-चिन्ह आहे, ते मिळालेल्या संस्थांना हेच तत्त्व पाळावं लागतं. एजन्सीचं नाव त्या यादीत आहे का ते पाहा. माझ्याकडच्या एका मुलीची मूळ सर्टिफिकेटं एका एजंटाने ठेवून घेतली होती, आणि ती सोडवायला तिच्या वडिलांना गावाकडची जमीन गहाण टाकावी लागली. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका. झेरॉक्स द्या, स्कॅन द्या, मूळ दाखवून परत घ्या. करारात 'अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास भाषेचा खर्च परत' असं कलम असेल तर रक्कम आकड्यात लिहून मागा, आणि दरवर्षी ती किती कमी होणार हेही. कराराची भाषा समजत नसेल तर सही करू नका. कुणाला तरी वाचायला द्या.

मालक घाईत असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. तिची सरकारी फी ४११ युरो आहे, आणि कागद पूर्ण झाल्यावर मान्यतेच्या खात्याने दोन महिन्यांत निर्णय देणं अपेक्षित असतं. मुलाखतीत हे जरूर विचारा. ही फी मालक भरतो.

मग येतं खात्याचं पत्र, ज्यात तुमचं शिक्षण कुठे कमी पडतं ते लिहिलेलं असतं. मुली ते वाचून रडतात. रडू नका. भारतातून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला ते येतं, तो नकार नसतो. त्यात दोन वाटा दिलेल्या असतात. एक आनपासुंग्सलेअरगांग, म्हणजे ठरावीक महिने वर्ग आणि वॉर्डातलं काम, शेवटी बोलण्यातून आढावा. दुसरी केनट्निसप्र्युफुंग, म्हणजे थेट परीक्षा: तोंडी ४५ ते ६० मिनिटं, आणि वॉर्डात खऱ्या पेशंटबरोबर दोन ते चार प्रसंग. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. २०२४ पासून तासांची सविस्तर तुलना नको असं सांगून यातली एक वाट सरळ निवडण्याचीही सोय आहे. तरी तासांचा कागद तयार ठेवाच. कमतरता थोडी निघाली तर पहिली वाट बरीच छोटी होते. माझं मत विचाराल तर भाषा पक्की असलेल्या, अनुभवी सिस्टरने परीक्षा द्यावी. नुकतीच कोर्स संपवून आलेलीने कोर्सची वाट धरावी.

परीक्षेत इंजेक्शन किती सफाईने देता याला फारसं महत्त्व नाही. तिथे सलाइनची सुई बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. परीक्षक पाहतात ते आपल्याकडे नातेवाईक आणि मावशी करतात ते काम: अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, उठवून चालवणं. आणि ते करताना तुम्ही काय विचार करता ते. बेडसोर, पडणं, रक्ताची गुठळी, न्यूमोनिया, सांधे आखडणं, यातला कोणता धोका या पेशंटला आहे आणि तुम्ही काय करणार, हे कारणासह सांगता आलं पाहिजे. दार वाजवून आत जाणं, अंग पुसताना पडदा ओढणं, प्रत्येक कृती आधी पेशंटला सांगणं, यालाही गुण असतात. मला हे काम कमीपणाचं कधी वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला नीट अंघोळ घालताना त्याची कातडी, श्वास, दुखणं, मन सगळं कळतं. ज्यांना वाटतं की आपण एवढं शिकून मावशीचं काम का करायचं, त्यांनी हा निर्णय पुण्यातच पुन्हा तपासून पाहावा.

सोबत नेण्याच्या काही गोष्टी. पोलिस व्हेरिफिकेशनचं प्रमाणपत्र पासपोर्ट खात्यामार्फत मिळतं. गोवराच्या लसीचे दोन डोस किंवा प्रतिकारशक्तीचा रक्ततपासणी अहवाल न्या. १९७० नंतर जन्मलेल्या आणि रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो तिथे दाखवावा लागतो. हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंदही न्या. वय ४५ च्या पुढे असेल तर किमान पगाराची किंवा म्हातारपणच्या तरतुदीची वेगळी अट लागू होते. ती मालकाकडून सही करण्याआधी स्पष्ट करून घ्या.

उर्कुंडे मिळाली की त्याच दिवशी मालकाच्या ऑफिसला लेखी कळवा आणि नर्सच्या श्रेणीचा पगार कोणत्या तारखेपासून लागू होतो ते पत्रात मागा. मग राहण्याचा परवाना बदलून घ्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. ते परदेशात असतानाही चालू ठेवा, आणि त्याची तारीख घरी आईवडिलांपैकी कुणाच्या तरी फोनमध्ये घालून ठेवा.